मागचा गोंगाट काढला

सकाळी प्लंबरनं गच्चीवरून पाइपवर तीन ठोके मारले. खाली मोरीत नवरा हातात उलथनं घेऊन तयारच होता, त्यानं नळाच्या पाइपवर तीन ठोके परत दिले. त्यांचं आधीच ठरलं होतं. वरून तीन म्हणजे पाणी सोडलंय, येतंय का. खालून तीन म्हणजे येतंय. चार मजल्यांवरून बोंबलण्यापेक्षा हे बरं, असं प्लंबर म्हणाला होता. मी ओट्याशी कप विसळत होते. कप हातातून सुटला नाही, फुटला नाही, तसलं काही झालं नाही. नुसता हात थांबला. तीन ठोके, मध्ये थोडी वाट पाहणं, मग तीन ठोके. हे मी ऐकलं होतं. नुसतं ऐकलं नव्हतं, हेडफोन लावून, डोळे मिटून, मागेपुढे करून वीसदा ऐकलं होतं आणि मग पुसून टाकलं होतं. नवरा मोरीतून ओरडला, "आलं गं पाणी!" मी "हं" म्हटलं आणि तोच कप पुन्हा विसळला.

एका वृत्तवाहिनीत मी बावीस वर्षं आवाजाचं काम करते. बातमीदार बाहेरून जे टिपून आणतात त्यातला वारा काढायचा, हॉर्न काढायचे, बोलणाऱ्याचा गळा जरा भरदार करायचा. कार्यक्रम थेट चालू असला की काचेमागे बसून कुणाचा आवाज वर, कुणाचा खाली, हे सांभाळायचं. या कामाचं कौतुक कोणी करत नाही आणि करूही नये. एकोणीस दिवसांपूर्वी कापडाच्या गोदामांची एक चार मजली इमारत भर सकाळी खाली बसली. आत लिफ्ट दुरुस्त करणारा एक माणूस होता. तिसऱ्या दिवशी तो जिन्याखाली सापडला, हातात पाना तसाच धरलेला. डॉक्टरांनी लिहून दिलं की इमारत पडल्यावर तो निदान एक दिवस तरी जिवंत असावा. त्या दिवसापासून आमच्या वाहिनीवर एकच रड चालू आहे: अग्निशमन दलाच्या अधिकाऱ्याला तो ऐकू कसा आला नाही? आणि ही रड लावणारा आमचा मुख्य निवेदक, म्हणजे आमचा चेहरा. त्याला ऑफिसात सगळे चेहराच म्हणतात, समोर साहेब आणि मागे चेहरा. वाहिनीच्या मालकानं एकदा भाषणात म्हटलं होतं, हा आपल्या वाहिनीचा चेहरा आहे. तेव्हापासून ते चिकटलं ते चिकटलंच. बाकीची वाहिनी म्हणजे धड, हात, पाय, आतडी, आणि कुठंतरी आम्ही कान.

मला त्याचा राग आजचा नाही. पुराची बातमी करायला गेला तेव्हा घोटाभर पाण्यात हा गुडघे टेकून बसला, म्हणजे पाणी कमरेपर्यंत दिसेल. आणि मागून एक म्हातारी भाजीची पिशवी घेऊन टपटप चालत गेली. ती म्हातारी आम्ही कापली. मागं दुसऱ्याच एका गोदामाला आग लागली तेव्हा धूर दुसऱ्या बाजूला वाहत होता, म्हणून त्याचा खोकला मी नंतर स्टुडिओत रेकॉर्ड करून चिकटवला. माझ्या संगणकावर त्याच्या नावाचा एक कप्पाच आहे: 'खोकला लहान', 'खोकला मोठा', 'उसासा', 'दाटलेला गळा'. दाटलेला गळा आजवर तीन वेळा वापरलाय, तीन वेगवेगळ्या ठिकाणच्या मेलेल्या माणसांसाठी. मढ्याच्या टाळूवरचं लोणी खाणं म्हणतात ते हेच. पण खाणाऱ्याला ते वाटीत काढून देणारं कोणी लागतं, आणि ती नोकरी माझी. घरी हे सांगायची सोय नाही. सासूबाईंचा तो लाडका. आज सकाळीही त्या नाश्ता करता करता टीव्ही बघत होत्या, आणि त्याची जाहिरात लागली: आज संध्याकाळी पाच वाजता, 'बहिरे कोण?' काळ्या पडद्यावर एक मोठा कान आणि त्या कानाशेजारी कानाहून मोठा तो.

"किती तळमळतो गं पोरगा," सासूबाई म्हणाल्या. "डोळ्यांत पाणी आलं होतं त्या दिवशी. शर्ट सगळा धुळीनं माखलेला."

"शर्टाला धूळ त्यानं स्वतः चोळली होती, आई. मी मूळ चित्रण बघितलंय."

"असेल बाई. पण चोळली तरी ना! बाकीचे तेवढंही करत नाहीत."

मी डबा भरला. प्लंबर गच्चीवरून खाली आला, हात पुसले आणि म्हणाला की पाइप चांगला बोलका आहे तुमचा, लोखंडी आहे ना, लांबचं पण ऐकू येतं. मी त्याच्याकडे अशी बघत राहिले की तो बिचारा वरमून नवऱ्याशी बोलायला लागला.

बसमध्ये खिडकीशी जागा मिळाली आणि सगळा रस्ता मी मनातल्या मनात तो आवाज लावत होते. मूळ चित्रण आमच्याकडे वीस दिवस राहतं, मग आपोआप पुसलं जातं. म्हणजे आजचा दिवस आणि उद्याचा. मला शंका खरी ठरायला नको होती. ती माझी शंकाच असावी, कुणीतरी मजूर कुठंतरी खिळा ठोकत असावा, असं मी स्वतःला चार स्टॉपपर्यंत समजावलं. पाचव्या स्टॉपला आई आठवली. आई शेवटचे सात महिने आतल्या खोलीत पडून होती, घशाच्या आजारानं आवाज गेलेला. उशाशी एक चमचा ठेवलेला असायचा. हाक मारायची तर ती चमच्यानं पलंगाच्या लोखंडी दांड्यावर वाजवायची. मी सोळा वर्षांची, बाहेरच्या खोलीत रेडिओ ऐकत बसलेले. चमचा वाजला. मी म्हटलं, "आले गं, एक मिनिट." पुन्हा वाजला. मी रेडिओचा आवाज वाढवला. हे मी कुणालाच सांगितलेलं नाही, नवऱ्यालाही नाही. भयंकर काही घडलं नाही, आई त्यानंतर दोन महिने जगली. तिला फक्त पडदा ओढून हवा होता, ऊन तोंडावर येत होतं. मी गेले तेव्हा ती डोळे गच्च मिटून उन्हात पडली होती, चमचा हातातच होता, आणि माझ्याकडे बघून ती हसली. रागावली असती तर बरं झालं असतं. मला वाटतं मी आवाजाच्या धंद्यात शिरले ते त्या चमच्यामुळे, पण असं म्हणणंही जरा शहाणपणाचंच झालं. नोकरी हवी होती, मिळाली, शिरले.

ऑफिसात पोचल्या पोचल्या मी माझ्या खोलीचं दार लावून घेतलं. ही खोली म्हणजे एक खोकंच आहे, भिंतींना राखाडी फोम, खिडकी नाही, आत दार लावलं की स्वतःचं रक्त ऐकू येतं. पहिल्या दिवसाचं मूळ चित्रण काढलं. फाईलसमोर माझ्याच हातची नोंद होती: 'मागचा गोंगाट काढला.' त्या दिवशी त्यानं जागेवरून फोन करून सांगितलं होतं, "शांतता म्हणतोय मी, तर शांतता ऐकू आली पाहिजे. मागचा सगळा कचरा काढून टाक." बोलण्याच्या खालून ठोके काढणं सोपं नसतं, ते अक्षरांत मिसळतात. चाळीस मिनिटं बसून मी ते एकेक वेचून काढले होते. संध्याकाळी त्यानं पाठीवर थाप मारून म्हटलं होतं की या कामात तुझा हात धरणारं कोणी नाही, आणि खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं होतं.

हेडफोन लावले. आधी यंत्रांची घरघर. मग एक लांब शिट्टी. एकेक करून यंत्रं बंद पडली, माणसं गप्प झाली, कुठंतरी लांब लोखंडावर हातोड्याचे तीन ठोके पडले आणि मग अशी शांतता की टाचणी पडली तरी ऐकू यावी. आणि त्या शांततेत, अगदी माईकजवळ, आमचा चेहरा म्हणाला, "चल, घे घे. आता गोंगाट नाहीये, आत्ताच घे." पलीकडून कुणीतरी 'शूऽऽ' केलं. तेही मी त्या दिवशी काढलं होतं, हवेचा फूत्कार समजून. मग त्याचं सुरू झालं. "मी आत्ता उभा आहे त्या ढिगाऱ्यावर, जिथं काही तासांपूर्वी आयुष्य होतं. मी श्वास घेऊ शकत नाहीये. मी माझ्या कानांनी ऐकतोय ही स्मशानशांतता. माझ्या पायाखाली..." आणि त्याच्या पायाखाली, स्पष्ट, ठक ठक ठक. थोडी वाट. ठक ठक ठक. तो अडखळला, घसा खाकरला. ठक ठक ठक. आणि मग त्याचा आवाज, तळमळीचा नव्हे, रोजचा, चहात साखर कमी पडल्यावर लागतो तो: "हे कोण ठकठक करतंय? बंद करायला सांग त्याला." कॅमेरावाला म्हणाला, "थांबेल हो. बोला तुम्ही." आणि तो पुन्हा पहिल्यापासून बोलला. मी आज मोजलं. ऐंशी सेकंदांत अकरा वेळा 'मी'. त्या अकरांच्या खाली ठोके चालूच होते, तिनाचे दोन झाले, मग बराच वेळ काही नाही, मग एकच. मग पुन्हा शिट्टी, आणि यंत्रं सुरू झाली.

मी हेडफोन काढले. मला किंचाळावंसं वाटलं. त्या खोलीत किंचाळलं तर बाहेर कुणालाच ऐकू जात नाही, तशीच ती बांधलीय. त्याच्यावरचा राग तर होताच. पण त्याच्या मागोमाग दुसरं काही येत होतं आणि ते मला नको होतं. 'बंद करायला सांग त्याला' हे वाक्य मी त्या दिवशीही ऐकलं होतं. ऐकून मी वैतागले होते, ठोकणाऱ्यावर. कोण मेला काम करतोय आत्ता, असंच माझ्या मनात आलं होतं. आलं होतं, नाकारून काय उपयोग? मग ते वाक्य कापलं, ठोके वेचले, चहा प्याले. मी ते दोन मिनिटांचं मूळ एका पेन ड्राइव्हवर उतरवून पर्समध्ये टाकलं आणि कॅमेरावाल्याला शोधायला गेले.

तो जेवणाच्या खोलीत डबा उघडून बसला होता. भला माणूस, दोन मुलांचा बाप. मी विचारलं, त्या शिट्टीच्या वेळी तुम्ही उभे कुठं होतात? त्यानं घास खाली ठेवला.

"दोरीच्या आत. जिन्याच्या बाजूला. साहेबांना मागं तुटका जिना हवा होता."

"आणि ती माणसं?"

"ती पलीकडे कान लावून होती. त्या अधिकाऱ्यानं मूठ वर केली होती, म्हणजे गप्प. मी बघितली ती मूठ. साहेबांना म्हटलंही." त्यानं डब्याचं झाकण लावलं. "तू ऐकलंस का पुन्हा?"

"ऐकलं."

"मीपण ऐकतो. रोज. हेडफोन न लावता." मग एकदम चिडून म्हणाला, "पण मी काय करायला हवं होतं, ताई? कॅमेरा टाकून ढिगारा उपसायचा होता? तू काय केलंस? तुला तर आणखी स्पष्ट ऐकू आलं असेल."

खरंच आलं होतं. आम्ही दोघं एकमेकांकडे बघेनासे झालो. सगळ्यात जवळचा कान चेहऱ्याचा, मग कॅमेरावाल्याचा, मग माझा, आणि सगळ्यात लांबचा त्या अधिकाऱ्याचा. आणि बहिरा ठरला तो. चोराच्या उलट्या बोंबा ऐकल्या होत्या, पण इथं बोंब आम्ही साफ करून, भरदार करून, घरोघर पोचवत होतो. दोन आठवड्यांहून जास्त त्या अधिकाऱ्याच्या घरासमोर आमची गाडी उभी होती. त्याला कामावरून बाजूला केलंय, सोमवारी चौकशी, हलगर्जीपणा ठरला तर नोकरी गेली. हे सगळं मला तोंडपाठ होतं, कारण रोज दर तासाला ते माझ्याच हाताखालून जात होतं.

कार्यक्रमाची सगळी जुळवाजुळव जिच्याकडे, तिला आम्ही घाईताई म्हणतो. ती चार वाजता धावत आली. चेहरा स्टुडिओत नसणार, पुन्हा ढिगाऱ्यावरूनच बोलणार, थेट. स्टुडिओत एकटा तो अधिकारी बसेल, कानात इअरपीस लावून, चेहऱ्याचे प्रश्न ऐकायला. पडद्याचा दोन तृतीयांश चेहऱ्याचा, एक तृतीयांश त्याचा. "आणि ऐक," ती म्हणाली, "पाहुणा आडवं बोलायला लागला की त्याला जरा खाली घे. साहेबांनी सांगितलंय."

"घाईताई, मला एक ऐकवायचंय तुला. दोन मिनिटं."

"दोन मिनिटं? वेडी आहेस का? पाचनंतर ऐकव." आणि ती गेली. समोर बसून ऐकायला तिला कधी वेळ झालाच नाही, त्यामुळे तिची फसवणूक केली असं काही मला वाटत नाही.

माईक लावायला मीच गेले. अधिकारी खुर्चीत ताठ बसला होता, पन्नाशीचा, इस्त्रीचा शर्ट, नखं तळापर्यंत कापलेली. समोर काचेचं टेबल, त्यावर पाण्याचा पेला. इअरपीस कानात घालताना माझी बोटं थंड पडली होती. त्याला वाटलं मी घाबरलेय, म्हणून तोच मला धीर देत बोलला.

"हा कान चांगला आहे. दोन्ही चांगलेच आहेत. तपासून आलो. डॉक्टर म्हणाले, या वयात एवढं ठणठणीत ऐकू येणारा माणूस बघितला नाही."

"तपासून कशाला आलात?"

"म्हणजे काय? तो माणूस जिन्याखाली पाना घेऊन बसला होता. पाना कशाला धरतो माणूस हातात? तो वाजवत असणार. आम्ही शिट्टी देतो, सगळं बंद करतो, तीन ठोके देतो आणि दोन मिनिटं ऐकतो. खाली कोणी असलं की तो तीन ठोके परत देतो. सांगावं लागत नाही कुणाला, आपोआप देतात. लहान मूलसुद्धा देतं. मग मला ऐकू का नाही आलं? मला फक्त तुमच्या त्या साहेबांचं बोलणं ऐकू येत होतं. तीस वर्षं हेच काम केलंय मी, बाई. बोलण्याच्या खालचं ऐकू यायला हवं होतं."

मी म्हणायला हवं होतं. पर्स माझ्या खांद्यालाच होती. नुसतं एवढंच: साहेब, तुमचे कान ठीक आहेत. पण त्याच्या पुढचं वाक्य मला म्हणावं लागलं असतं, आणि त्या वाक्यापाशी मी थांबले. मी त्याच्या कॉलरची तार नीट केली. विचारलं, "आलात कशाला मग इथं? नाही म्हणायचं."

"लिफ्टवाल्याची बायको बघत असेल. ती इथं येणार नाही म्हणाली, कॅमेऱ्यासमोर रडणार नाही म्हणाली. शहाणी आहे. पण बघत असेल तर तिला एकदा सांगायचंय, मी ऐकत होतो म्हणून. तेवढं बोलू देतील ना?"

मी पर्स खांद्यावर सावरली. काचेमागे माझ्या जागेवर येऊन बसले, आणि पेन ड्राइव्ह लावला.

पाच वाजता सुरू झालं. चेहरा ढिगाऱ्यावर उभा, शर्टाची बाही दुमडलेली, आणि मागं तोच तुटका जिना. सहा मिनिटं तो एकटाच बोलला. त्या दिवशी मी इथं होतो, मी या धुळीत श्वास घेतला, मला आजही झोप लागत नाही. लिफ्टवाला पाचव्या मिनिटाला आला आणि एका वाक्यात गेला. मग त्यानं आवाज चढवला. "मी तुम्हाला एक साधा प्रश्न विचारतो. मी विचारतोय, हा देश नाही, मी विचारतोय. त्या माणसाचा आवाज तुम्हाला ऐकू का आला नाही?"

"आम्ही शिट्टी दिली होती," अधिकारी म्हणाला. "ऐकायला शांतता लागते, आणि त्या वेळी..."

"म्हणजे तुम्ही कान झाकून बसला होतात?"

"नाही हो, मी ऐकत होतो, मला त्या बाईंना एवढंच..."

"मी त्या विधवेच्या डोळ्यांत बघून आलोय, साहेब! मला उत्तर द्या! माझ्या डोळ्यांत बघून सांगा!"

बघणार कसं? त्याच्यासमोर कॅमेऱ्याची काच होती. आमच्या खोलीत कोणीतरी 'वा' म्हणालं. घाईताई माझ्या कानाशी म्हणाली, "घे खाली त्याला, पाहुण्याला." माझ्या बोटांखाली आवाज वर-खाली करायच्या दोन पट्ट्या होत्या, एक चेहऱ्याची, एक त्याची. मला आईचा चमचा ऐकू आला, खोटं नाही सांगत, दांड्यावर वाजावा तसा. तेव्हा मी आवाज वाढवला होता. आता मी चेहऱ्याची पट्टी तळापर्यंत खाली ओढली. ते मूळ, शिट्टीपासूनचं, बाहेर सोडलं नाही. ते पाहणाऱ्यांसाठी नव्हतं, आणि ती बाई बघत असली तर तिच्यासाठी तर नव्हतंच. ते मी फक्त त्या एका इअरपीसमध्ये सोडलं.

पडद्यावर चेहऱ्याचं तोंड उघडझाप करत होतं. घराघरांत त्या क्षणी काहीच ऐकू येत नसणार. "आवाज गेला!" घाईताई ओरडली. "अगं चेहऱ्याचा आवाज गेला! चेहऱ्याचा!" घाईत तिच्या तोंडून टोपणनावच गेलं. मी हलले नाही. अधिकाऱ्याचं डोकं शिट्टीच्या आवाजाला उचललं गेलं होतं. त्याचा उजवा हात आपोआप वर गेला, मूठ बांधलेली, गप्प राहा म्हणणारी. आमच्या खोलीतही सगळे गप्प झाले, का ते कुणालाच माहीत नव्हतं. त्यानं डोळे मिटले. मी माझ्या एका कानात तेच ऐकत होते, त्यामुळे त्याच्या चेहऱ्यावर काय केव्हा पोचतंय ते मला कळत होतं. पहिले तीन. दुसरे तीन. त्यानं खिशातलं पेन काढलं आणि काचेच्या टेबलावर तीन ठोके दिले. एकोणीस दिवस उशिरा, सगळ्या जगासमोर, आणि वाट पाहिली. ठोके आले. त्याचे ओठ मोजत होते. आणि मग ते वाक्य आलं, बंद करायला सांग त्याला, आणि त्यानं डोळे उघडले.

तो ओरडला नाही. मला वाटलं होतं ओरडेल. तो कॅमेऱ्यात बघून अगदी हळू म्हणाला, "तुम्हाला ऐकू आलं होतं."

तेव्हा मी चेहऱ्याची पट्टी पूर्ण वर नेली. घे, बोल. बावीस वर्षांत कुणाचा माईक मी इतका उघडा ठेवला नसेल. त्याच्या मागचा वारा आला, पत्रा हलल्याचा आवाज आला, त्याचा श्वास आला. त्यानं कानाला हात लावला, इअरपीस दाबला आणि म्हणाला, "मला... आपला आवाज माझ्यापर्यंत पोचत नाहीये. मला काही ऐकू येत नाहीये." तो पोचत होता. त्याच्या कानात जाणाऱ्या आवाजाचा काटा माझ्या डोळ्यांसमोर हलत होता.

घाईताईनं माझा खांदा धरला होता, कोणीतरी जाहिरात लावा म्हणत होतं, कोणीतरी नका म्हणत होतं. अधिकाऱ्याला हे काही दिसत नव्हतं. त्यानं इअरपीसवर बोट ठेवलं, चेहऱ्याला सोडून दिलं, आणि काचेच्या दिशेनं बघितलं, जिथं त्याला फक्त स्वतःचं प्रतिबिंब दिसत असणार.

"हे त्या दिवसाचं आहे," तो म्हणाला. "मग आम्हाला दाखवलं त्यात हे नव्हतं. यातले ठोके कुणी काढले?"

इअरपीसमध्ये बोलायचं बटण लाल असतं, डाव्या हाताला. मी ते दाबलं. दिवसभर माझ्या तोंडात चेहऱ्यासाठी शिव्या तयार होत्या, एकाहून एक. त्यातली एकही आली नाही.

"मी," मी म्हटलं.